नीतिसूत्रांतला आळशी नेमका कोण? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जालना जिल्ह्यातल्या एका गावात आमचा छोटा वाचनगट आहे. रविवारची उपासना आटोपली की चर्चच्या ओसरीवर सतरंजी टाकून आम्ही तासभर बसतो. शेतमजूर आहेत, मोंढ्यात हमाली करणारे दोघे आहेत, एक शिक्षिका आहेत, बारावी झालेली पोरं आहेत. दिवाळीनंतर निम्मा गट ऊसतोडीला जातो आणि मग प्रश्न फोनवर येतात. बायबलमधलं नीतिसूत्रे हे पुस्तक वाचायला घेतलं की आळसाचा विषय निघतोच, आणि तो निघाला की कुणाचं तरी मन दुखावतं. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. वचनं माझ्या शब्दांत दिली आहेत. अध्याय आणि ओवी सोबत आहे, आपल्या घरच्या बायबलमध्ये पडताळून घ्या.

आळसाबद्दल बायबलमध्ये कुठे कुठे लिहिलं आहे? सुरुवात कुठून करू?

सगळ्यात जास्त नीतिसूत्रांत. तिथे ६:६-११, २४:३०-३४ आणि २६:१३-१६ हे तीन उतारे आधी वाचा. बाकीची वचनं दहाव्या अध्यायापासून पुढे पेरल्यासारखी विखुरलेली आहेत. त्यानंतर बायबलमधल्याच उपदेशक या पुस्तकातले ४:५-६, १०:१८ आणि ११:४-६ वाचा. नीतिसूत्रे हे एका बैठकीत लिहिलेलं पुस्तक नाही. इस्राएलचा राजा शलमोन याच्या नावाचे संग्रह आहेत, काही वचनं यहूदाचा राजा हिज्कीया याच्या माणसांनी उतरवून घेतल्याचं २५:१ सांगतं, तिसावा अध्याय आगूराचा आहे आणि एकतिसावा लमुएल राजाला त्याच्या आईनं शिकवलेला. त्यामुळे एकच गोष्ट दोन बाजूंनी सांगितलेली आढळते. एक वचन उचलून त्यावर सगळा निवाडा करायचा नसतो, हे सुरुवातीलाच ध्यानात ठेवलेलं बरं.

"आळशी" म्हणून कुणाला म्हटलं आहे? मूळ भाषेत कोणता शब्द आहे?

हिब्रूत शब्द आहे "आत्सेल". जुन्या करारात तो चौदा वेळा येतो आणि चौदाही वेळा नीतिसूत्रांतच येतो. म्हणजे हे एक ठरलेलं पात्र आहे. आपल्या लोककथेत जसा आळशी नवरा किंवा कंजूष सावकार असतो, तसा हा माणूस या पुस्तकात अधूनमधून भेटत राहतो. त्याची चित्रं डोळ्यांसमोर उभी राहतात. दार बिजागरीवर फिरतं तसा तो अंथरुणावर कूस बदलतो (२६:१४). ताटात हात घालतो, पण घास तोंडापर्यंत नेण्याचा त्याला कंटाळा येतो (१९:२४). शिकार करून आणतो आणि भाजायची टाळतो (१२:२७). हे शेवटचं चित्र मला फार खरं वाटतं. काम सुरू करणारे पुष्कळ असतात. तूर कापून ढीग लावून ठेवायची, मळणी आज-उद्यावर ढकलायची आणि मग अवकाळी पावसात ती काळी पडलेली बघायची, हे आपल्याकडे दर दोन-चार वर्षांनी कुणाच्या तरी रानात घडतं.

आता एक गोष्ट नीट बघा. या आळशाकडे काय काय आहे? २४:३०-३१ मध्ये त्याच्याकडे शेत आहे, द्राक्षमळा आहे, मळ्याला दगडी बांध आहे. १२:२७ मध्ये शिकार त्याच्या हातात आली आहे. १९:२४ मध्ये पुढ्यात भरलेलं ताट आहे. २६:१४ मध्ये अंथरूण आहे, दार असलेलं घर आहे. १०:२६ मध्ये त्याला कुणीतरी विश्वासानं निरोप देऊन पाठवलं आहे. म्हणजे हा फाटका माणूस नाही. त्याच्याजवळ साधन आहे, वेळ आहे, कुणाचा तरी भरवसा आहे, आणि त्यानं ते सगळं पडीक ठेवलं आहे. काट्यांनी भरलेलं शेत आणि ढासळलेला बांध बघून वाटसरू थांबतो, विचार करतो आणि बोध घेतो, असं ते वचन आहे. आपण त्याला हराळी-कुंद्यानं भरलेलं रान आणि फुटलेला धुरा म्हणू. ज्याचं रानच नाही त्याच्याबद्दल हे वचन बोलतच नाही.

आणखी दोन शब्द. १०:४ मध्ये ढिल्या हाताबद्दल जो शब्द आहे, "रेमिया", त्याचा दुसरा अर्थ कपट असा होतो. ढिलेपणा आणि फसवणूक एकाच शब्दात सामावलेली आहेत, आणि ते बरोबरच आहे: अंगावर घेतलेलं काम ढिलं सोडणारा ज्याचं काम आहे त्याला फसवतो. १८:९ तर म्हणतं की कामात ढिलाई करणारा नासधूस करणाऱ्याचा भाऊ आहे. उद्योगी माणसासाठी "हारूत्स" हा शब्द आहे. याच रूपाचा शब्द यशयाच्या पुस्तकात मळणीच्या धारदार अवजारासाठी आला आहे. उद्योगी म्हणजे धार असलेला. दिवसभर घाम गाळणारा प्रत्येक जण धारदार असतोच असं नाही, आणि नीतिसूत्रांना ते माहीत आहे. म्हणून २१:५ मध्ये उद्योग्याच्या बेतांचं, म्हणजे आधी केलेल्या विचाराचं कौतुक आहे.

मुंगीकडेच का पाठवलं? बैल किंवा गाढव जास्त कष्ट करत नाही का?

बैलाचंही कौतुक आहे. १४:४ वाचा: बैल नसले तर गव्हाण स्वच्छ राहते, पण पीक बैलाच्या बळावर येतं. पोळ्याला बैलाच्या पाया पडणाऱ्या आपल्या गावांना हे वचन समजावून सांगावं लागत नाही.

पण बैलाला हाकावं लागतं, मुंगीला लागत नाही. ६:७ चा सगळा भर तिथे आहे: तिच्यावर नायक नाही, देखरेख करणारा नाही, सत्ताधीश नाही, तरी ती वेळेवर धान्य साठवते. यातल्या "देखरेख करणारा" यासाठी हिब्रूत "शोटेर" हा शब्द आहे. निर्गम या बायबलच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, विटा पाडणाऱ्या इस्राएली गुलामांवर जे देखरेख करत होते त्यांच्यासाठीही हाच शब्द आहे. आमच्या गटातल्या एका ताईंना हे सांगितलं तेव्हा त्या लगेच म्हणाल्या, "म्हणजे मुकादम." हो, मुकादम. मुंगीला मुकादम नाही, तिला उचलही दिलेली नाही. तिचं काम तिच्या आतून येतं. ज्यानं आयुष्यभर कुणाच्या तरी हाकेवर काम केलं त्याला हे वचन निराळं ऐकू येतं, आणि मला वाटतं की ते त्यानंच आम्हाला शिकवावं.

३०:२५ मध्ये मुंगी पुन्हा येते, तिथे तिचं बळ कमी असल्याचा उल्लेख आहे. जुन्या ग्रीक भाषांतरात ६:८ नंतर मधमाशीचीही भर घातलेली आहे, ती हिब्रूत नाही.

मुंगी "उन्हाळ्यात" धान्य गोळा करते म्हणतात. आपल्याकडे उन्हाळ्यात रानात काय असतं?

हा प्रश्न शेतकऱ्याशिवाय कुणी विचारत नाही, आणि तो अगदी योग्य आहे.

इस्राएलचा पाऊस आपल्या उलट आहे. तिथे पहिला पाऊस साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडतो, जमीन भिजते, मग नांगरट आणि पेरणी होते. पाऊस हिवाळाभर येतो आणि शेवटचा मार्च-एप्रिलमध्ये. त्यानंतर आधी जव आणि मग गहू कापायला येतो. उन्हाळा पूर्ण कोरडा असतो. म्हणजे तिथला उन्हाळा म्हणजे आपली सुगी. गेझेर इथे १९०८ मध्ये एक छोटा चुनखडीचा तुकडा सापडला, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा. त्यावर वर्षाची वाटणी शेतीच्या कामांनी केली आहे: गोळा करण्याचे महिने, पेरणीचे महिने, जव कापणीचा महिना, असं. आपली आजीही महिन्यांची नावं न घेता "पेरणीच्या टायमाला", "सुगीत" असंच सांगते.

हे कळलं की २०:४ उलगडतं. आळशी माणूस थंडीमुळे नांगरत नाही आणि कापणीत मागायला जातो. आपल्याला वाटतं, थंडीत नांगरायचं काय असतं? तर तिथे तीच वेळ आहे. आपल्याकडे जवळची तुलना रब्बीची. हस्ताचा पाऊस झाल्यावर जमिनीत ओल असते, ती उडून जायच्या आत ज्वारी पेरायची असते. चार दिवस गेले की ओल खाली जाते, मग कितीही राबा. नीतिसूत्रांतला आळस हा असा आहे. कामाची वेळ एकदा चुकली की नंतरच्या कष्टानं ती भरून येत नाही. १०:५ मध्ये कापणीत झोपणारा मुलगा बापाची लाज काढतो असं म्हटलंय. इतर वेळी झोपला असता तर कदाचित कुणी काही म्हटलं नसतं.

मग पावसाची वाट बघत पेरणी लांबवणं हा आळस का?

नाही. उपदेशक ११:४ मध्ये वाऱ्याकडे बघत बसणारा पेरणार नाही असं आहे, आणि हे वचन दाखवून एका काकांनी मला विचारलं होतं की धूळपेरणी, म्हणजे पावसाआधीच कोरड्या जमिनीत पेरणी, करावी का. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्याशिवाय पेरू नका, असा सल्ला कृषी विभाग आणि परभणीचं कृषी विद्यापीठ देतात. तो ऐकणं शहाणपणाचं आहे. दुबार पेरणी म्हणजे काय हे ज्यानं भोगलंय त्याला सांगायला नको. उपदेशकाचा रोख ज्याला कधीच पुरेशी खात्री वाटत नाही त्याच्यावर आहे. दोन ओव्या पुढे, ११:६ मध्ये, तोच म्हणतो की सकाळी पेर, संध्याकाळीही हात आखडू नको, कोणतं फळेल ते तुला ठाऊक नाही. हे तर आंतरपिकाचं शहाणपण आहे: सोयाबीन गेलं तर तूर हाती राहावी.

"रस्त्यात सिंह आहे" याचा अर्थ काय?

बहाणा (२२:१३, २६:१३). त्या देशात तेव्हा सिंह होते, दावीद आणि शमशोन यांच्या कथांत ते भेटतात. पण ते यार्देनेच्या काठच्या झाडीत, गावच्या चौकात नव्हेत. बहाणा पटण्याजोगा असतो तो यामुळेच: सिंह खरा असतो, फक्त जागा खोटी असते. लगेच पुढे २६:१६ म्हणतं की नीट उत्तर देणाऱ्या सात जणांपेक्षा आळशी स्वतःला शहाणा समजतो. पारावर बसून सगळ्यांच्या शेतीचं गणित सांगणारा आणि स्वतःच्या रानाकडे न फिरकणारा माणूस तुमच्या गावात नसेल तर तुमचं गाव भाग्याचं. माझ्याकडेही असे सिंह आहेत. लिहायचं काम पुढ्यात आलं की मला आधी कपाट आवरायचं असतं.

गरीब माणूस आळशी असतो म्हणून गरीब राहतो, असं बायबल शिकवतं का?

नाही. आणि या उत्तरावर मला सगळ्यात जास्त वेळ द्यायचा आहे.

१०:४ म्हणतं की ढिला हात गरिबी आणतो. हे खरं आहे, अशी घरं आपण पाहिली आहेत. पण हे वाक्य उलट फिरवता येत नाही. आळसानं गरिबी येते यावरून प्रत्येक गरिबी आळसानं आली असं होत नाही, जसं सगळा ताप मलेरियाचा नसतो. त्याच पुस्तकात १३:२३ आहे, आणि ते फार कमी प्रवचनांत ऐकायला मिळतं: गरिबाच्या नांगरलेल्या जमिनीत भरपूर अन्न असतं, पण अन्यायामुळे ते वाहून जातं. जमीन नांगरलेली आहे, म्हणजे कष्ट झाले आहेत. पीक यायला हवं होतं. ते कुणीतरी नेलं. पुढे १४:३१ म्हणतं की गरिबावर जुलूम करणारा त्याच्या निर्माणकर्त्याची निंदा करतो. २२:२२ मध्ये तर गरिबाला तो गरीब आहे म्हणून लुबाडू नका असं स्पष्ट बजावलेलं आहे.

माझे आजोबा सालगडी होते. पाडव्याला साल ठरायचं, आणि पहाटेपासून रात्री बैलांना वैरण घालेपर्यंत काम असायचं. ते आळशी होते म्हणून आमच्याकडे जमीन नव्हती का? १९७२ च्या दुष्काळात इथली माणसं खडी फोडत होती, तलावांचे बांध घालत होती, सुकडी आणि मिलोच्या भाकरीवर दिवस काढत होती. त्या कष्टांतूनच रोजगार हमीची कल्पना उभी राहिली आणि १९७७ मध्ये महाराष्ट्रानं तिचा कायदा केला. काम मागायला रांगेत उभ्या राहिलेल्या माणसांना कुणी आळशी म्हणू शकलं नाही. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या वर्षी ज्याच्या शेतात काही पिकलं नाही त्याला मुंगीची गोष्ट सांगायला जाणारा माणूस नीतिसूत्रांचा अपमान करतो, असं मी ठामपणे म्हणेन.

आणि एक आठवण ठेवा. बायबलमध्ये कष्टकऱ्यांना तोंडावर "तुम्ही आळशी आहात" कोण म्हणतो? मिसरचा राजा फारो. निर्गम ५ उघडा. गुलामांना विटांसाठी लागणारा पेंढा देणं बंद केलं, विटांचा आकडा तोच ठेवला, आणि त्यांनी दाद मागितली तेव्हा तो म्हणाला: आळशी आहात तुम्ही, आळशी (५:१७). देवानं त्या वेळी कुणाची बाजू घेतली ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणून दुसऱ्याला आळशी म्हणण्याआधी मी स्वतःला विचारतो की मी आत्ता शलमोनाच्या जागेवरून बोलतोय की फारोच्या.

"जो काम करत नाही त्यानं खाऊ नये" असं पौलानं लिहिलं आहे ना?

त्यानं लिहिलं आहे की ज्याची काम करण्याची इच्छा नाही (२ थेस्सलनीकाकरांस ३:१०). "इच्छा नाही" हा शब्द गाळला की वाक्य क्रूर होतं. म्हातारे, आजारी, अपंग, काम न मिळालेले, यांच्यासाठी ते नाही. लिहिणारा पौल स्वतः तंबू करण्याचा धंदा करून पोट भरत होता, तेवढा अधिकार त्याला होता.

ऊसतोडीत रविवारी सुट्टी मिळत नाही. शब्बाथ मोडल्याचं पाप आम्हाला लागतं का?

दरवर्षी डिसेंबरात हा फोन येतो आणि दरवर्षी माझं मन भरून येतं.

ताई, दादा, आज्ञा पुन्हा वाचा. अनुवाद नावाच्या पुस्तकात, ५:१४ मध्ये, विश्रांतीची आज्ञा घराच्या मालकाला दिली आहे: तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझा बैल, तुझं गाढव, तुझ्या वेशीच्या आतला परका. कारणही दिलं आहे: तुझ्याप्रमाणे तुझ्या दासदासींनाही विसावा मिळावा, तूही मिसरात दास होतास याची आठवण ठेव. निर्गम ३४:२१ तर म्हणतं की नांगरणीच्या आणि कापणीच्या दिवसांतही सातव्या दिवशी थांबा. म्हणजे हंगाम आहे ही सबबही काढून घेतली आहे. ज्याच्या हातात थांबवण्याची सत्ता आहे त्याच्यावर ही जबाबदारी आहे. पहाटे तीनला फडात उतरणाऱ्या, खाडा झाला तर पैसे कापले जाणाऱ्या कोयत्यावर नाही. "कोयता" म्हणजे नवरा-बायको मिळून एक, असं ज्या धंद्यात मोजतात, तिथे माणूस आधीच अवजाराच्या नावानं ओळखला जातो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला, तेव्हा खाड्याची भीती शरीरावर काय करते ते साऱ्या राज्यानं ऐकलं.

तुम्ही कोपीवर परतल्यावर पाच मिनिटं एकत्र प्रार्थना केली तर ती पुरेशी आहे. आणि ज्यांचे ट्रॅक्टर आहेत, टोळ्या आहेत, असे विश्वासू बांधवही हे वाचत असतील. आठवड्यातून एक दिवस खाड्याविना सुट्टी देण्याचं तुमच्या हातात किती आहे, याचा हिशेब तुम्ही करा.

मालकाच्या आळसाबद्दल काही वचन आहे का?

आहे, आणि भरपूर. नीतिसूत्रे ३:२८: देण्याजोगं जवळ असताना शेजाऱ्याला "जा, उद्या ये" म्हणू नको. अनुवाद २४:१५: मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी दे, कारण त्याचं मन तिच्यावर लागलेलं असतं. याकोब ५:४: कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे. "उद्या ये" हा शब्द अंथरुणातल्या आळशाच्या "अजून थोडी झोप" या शब्दाचा सख्खा भाऊ आहे, असं मला वाटतं. फरक इतकाच की एकाचं नुकसान त्याचं त्याला होतं आणि दुसऱ्याचं मजुराच्या चुलीला.

माझी आई खुरपणीच्या पाच दिवसांच्या मजुरीसाठी तीन आठवडे एका वाड्याच्या दाराशी जात होती. ते पैसे शेवटी मिळाले. दाराशी घालवलेले दिवस मिळाले नाहीत.

मुलगा पदवी घेऊन घरी बसला आहे. दिवसभर मोबाइल बघतो. त्याला मुंगीचं वचन वाचून दाखवू का?

आधी त्याच्याशेजारी बसा. मत्तय २० मधला दृष्टान्त वाचा. द्राक्षमळ्याचा मालक संध्याकाळी पाचच्या सुमारास बाजारात गेला तर माणसं उभीच होती. त्यानं विचारलं, दिवसभर इथे रिकामे का उभे? उत्तर आलं: आम्हाला कुणी कामावर लावलंच नाही. मालकानं ते उत्तर खरं मानलं. सकाळी मजूर अड्ड्यावर डबा घेऊन उभं राहणाऱ्यांना हे उत्तर माहीत आहे, आणि स्पर्धा परीक्षेच्या जाहिरातीची वाट बघत संभाजीनगर-लातूरच्या अभ्यासिकांत वर्षं घालवणाऱ्या पोरांनाही.

तरी १४:२३ खरं आहेच: प्रत्येक श्रमात काही ना काही लाभ आहे, नुसत्या बडबडीनं उणंच येतं. आणि १३:४ मध्ये आळशाची इच्छा मोठी असते पण हाती काही लागत नाही. मोबाइलनं इच्छा वाढवण्याचं काम फार सोपं केलं आहे. माझा अनुभव सांगतो. अशा मुलांना "काहीतरी कर" म्हटलेलं लागतं, पण हलवत नाही. "उद्या सकाळी माझ्याबरोबर ठिबकच्या नळ्या गुंडाळायला ये" म्हटलं तर बहुतेक येतात. काम छोटं, ठरलेलं आणि कुणाच्या तरी सोबतीनं असावं. २२:२९ मध्ये ज्याचा हात कामात बसला आहे त्याची प्रशंसा आहे, आणि हात बसायला कुणीतरी शेजारी उभं राहून शिकवावं लागतं.

अंथरुणातून उठावंसंच वाटत नाही. मी आळशी आहे का?

कदाचित तुम्ही आजारी आहात. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा झाडाखाली पडून मरण मागतो. देवदूत त्याला रागावत नाही. त्याला भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खाऊ घालतो. आळशाला गोड झोप लागते. तुम्हाला रात्र-रात्र झोप येत नसेल, जेवण जात नसेल, सगळं संपवावं असे विचार येत असतील, तर ही गोष्ट निराळी आहे. घरातल्या एका माणसाला आजच सांगा, सरकारी दवाखान्यात जा, किंवा १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. आपल्या भागात कर्जाखाली दबलेल्या किती घरांत हे वेळेवर कुणी ओळखलं नाही, ते आपण सगळे जाणतो. अशा माणसाला कृपा करून वचन फेकून मारू नका.

एकतिसाव्या अध्यायातली सद्गुणी स्त्री एवढं काम कशी करते? बायकांवर आणखी ओझं टाकायला हे लिहिलं आहे का?

ही बावीस ओव्यांची कविता आहे आणि प्रत्येक ओवी हिब्रू वर्णमालेच्या एकेका अक्षरानं क्रमानं सुरू होते. ज्याला आपण "अ पासून ज्ञ पर्यंत" म्हणू, तशी. म्हणजे ही एका दिवसाची कामांची यादी नव्हे, संपूर्ण आयुष्याचा गौरव आहे. "सद्गुणी" साठी जो हिब्रू शब्द आहे, "हायिल", तो इतरत्र शूर योद्ध्यांसाठी वापरला आहे.

मी ही कविता बायकांना कमी आणि पुरुषांना जास्त वाचून दाखवतो. कारण आमच्याकडच्या बायका पहाटे पाणी, मग स्वयंपाक, मग दुसऱ्याच्या रानात खुरपणी, मग परत चूल, हे न वाचताच करतात. पुरुषांनी बघायचं ते हे: ती शेत पाहते आणि विकत घेते (३१:१६), म्हणजे व्यवहार तिच्या हातात आहे. ती दुबळ्यांपुढे हात पसरते, देण्यासाठी (३१:२०). आणि शेवटची ओवी आज्ञा करते की तिच्या हातांचं फळ तिला द्या. माझ्या मते आपल्या गावात या ओवीचं पालन म्हणजे सातबाऱ्यावर तिचं नाव लागणं.

मग जितके कष्ट जास्त तितकं चांगलं, असंच ना?

नाही. २३:४ म्हणतं, श्रीमंत होण्यासाठी स्वतःला झिजवू नको. उपदेशक ४:५-६ मध्ये दोन वाक्यं शेजारी आहेत: हात जोडून बसणारा मूर्ख स्वतःचंच मांस खातो, आणि कष्टानं भरलेल्या दोन मुठींपेक्षा शांतीची एक मूठ बरी. स्तोत्र १२७:२ पहाटे उठून रात्री उशिरापर्यंत राबणं व्यर्थ म्हणतं आणि झोपेला देवाची देणगी म्हणतं. नीतिसूत्रांच्या तिसाव्या अध्यायात आगूर प्रार्थना करतो की मला दारिद्र्य देऊ नको, श्रीमंतीही देऊ नको, पुरेशी भाकर दे. ही प्रार्थना मी रोज करतो.

हे सगळं आपल्या संतांनी सांगितलेलंच नाही का?

बरंच जुळतं. "असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी" या म्हणीतला माणूस आणि बिजागरीवरचं दार एकाच घरातले आहेत. गंगाखेडच्या जनाबाईंचं जातं आणि तेरच्या गोरोबांचं चाक हे काम आणि भक्ती वेगळी न मानण्याचं आपलं मराठवाडी उदाहरण आहे. एक वेगळेपण मला दिसतं. बायबलच्या शहाणपणात कष्टाच्या शेजारी नेहमी कायदा उभा असतो: शेताचे कोपरे कापू नका, पडलेला सरवा उचलू नका, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी ठेवा (लेवीय १९:९-१०). बायबलमधली परदेशी विधवा रूथ अशाच सरव्यावर जगली. माझ्या आजीनं ज्वारीच्या रानात सरवा वेचला आहे, आणि रूथची गोष्ट ऐकताना ती म्हणायची, "त्या मालकाचं रान भलं होतं." कापणी यंत्रावर गेल्यापासून सरवा फारसा राहत नाही. त्याच्या जागी आज काय ठेवायचं, यावर आमच्या गटात अजून एकमत झालेलं नाही.

टोळीबरोबर असताना हे वाचन कसं करावं?

नीतिसूत्रांचे अध्याय एकतीस आहेत, म्हणून अनेक जण तारखेप्रमाणे रोज एक वाचतात. फडावर तेवढं जमत नाही. एका ओवीनंच सुरुवात करा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी फोनवर ऐकावी. मराठी बायबलचं ध्वनिमुद्रण मोफत मिळतं, गावात असतानाच उतरवून घ्या, कारण फडावर रेंज नसते. गेल्या हंगामात आमच्यातल्या एका दांपत्यानं गाडी भरून होईपर्यंतच्या वेळात रोज एक वचन ऐकलं आणि चैत्रात परत आल्यावर एकेक करून आम्हाला सांगितलं. त्यांनी सगळ्यात आधी सांगितलं ते १३:२३.